सातव्या मजल्यावरचा ठसका

ही गोष्ट खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी! नातवंडांची शपथ घेतली असती, पण त्यांच्या परीक्षा तोंडावर आल्यात, म्हणून लोणच्याच्या बरणीवर हात ठेवून सांगते. खोटं बोलून बरणीला हात लावला तर लोणच्याला बुरशी येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा "काहीतरीच हं" असं मध्येच कोणी म्हणायचं नाही.

हॅलिफॅक्सला बंदराजवळ एक जुनी बारा मजली बिल्डिंग आहे. तिथे सातव्या मजल्यावर उल्का राहायची. मूळची नागपूरची. नवरा प्रताप सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी ऊर्मी तेरा वर्षांची. तिघं २००६ साली आले, आणि मी सांगतेय तो २००९ चा फेब्रुवारी. त्या वर्षी थंडी अशी की बाल्कनीत वाळत घातलेली पँट ताठ उभी राहायची, आणि प्रताप तिला हाताला धरून सोफ्यापर्यंत चालवत आणायचा.

उल्का बाई चांगली. कोणी आजारी पडलं तर डबा घेऊन जाणारी. पण तिला संशय फार. दुधाच्या तारखेचा संशय, बसच्या ड्रायव्हरचा संशय, शेजारच्या फ्लॅटमधून येणाऱ्या वासाचा संशय. आणि एक गोष्ट तर तिची तिलाही कळत नसे. लिफ्टमध्ये गोरं माणूस शिरलं की ती हसून हवापाण्याचं बोलायची. काळं माणूस शिरलं की उजव्या खांद्यावरची पर्स आपोआप डाव्या काखेत जायची. तिनं तसं ठरवलेलं नसायचं. हातालाच कोणीतरी कधीतरी शिकवून ठेवलं होतं. आता खरं सांगा, तुमच्या हाताला काय काय शिकवलेलं आहे?

बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक हॉल होता, तिथे शनिवारी सकाळी मुलांचा नाटकाचा वर्ग चालायचा. शिकवायला रूबेन जार्विस यायचा. साठी उलटलेला काळा उंच माणूस, पांढरी दाढी, डोक्यावर फेल्टची हॅट, आणि तोंडात एक पाईप. ती पाईप पेटलेली कोणीही पाहिली नव्हती. बंदराच्या पलीकडून तो फेरीबोटीने यायचा. कविता लिहायचा, नाटकं लिहायचा, आणि शाळांमधून, हॉस्पिटलांमधून, तुरुंगातसुद्धा लोकांना नाटक शिकवायचा. मुलं त्याला मिस्टर जे म्हणायची.

उल्काला ह्यातलं फारसं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसायचं की हा माणूस वर्ग संपला तरी जात नाही. तळमजल्यावर टपालाच्या पेट्यांपाशी अर्धा अर्धा तास नुसता उभा राहतो. हातात काही नाही, कोणाशी बोलणं नाही. लोक येतात, जातात, आपापसांत बोलतात, आणि हा भिंतीकडे बघत उभा.

तिनं शैलेंद्रला गाठलं. शैलेंद्र ठाण्याचा, बिल्डिंगच्या भाडेकरू कमिटीचा अध्यक्ष, बारा महिने कानटोपी घालणारा. ह्या माणसाची कोणी चौकशी केलीय का, असं तिनं विचारलं. शैलेंद्र म्हणाला की लक्ष आहे माझं. कमिटीच्या अध्यक्षाला तेवढं बोललं की काम केल्यासारखं वाटतं.

आता ऊर्मीचं सांगते, कारण जे झालं ते तिच्यापायी झालं. ही पोर तीन वर्षं शाळेत तोंडच उघडत नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी तिच्या उच्चाराला हसलं, आणि तिनं जो दरवाजा लावला तो लावलाच. दर वेळी शाळेतून "क्वायट चाइल्ड" असा शेरा यायचा आणि उल्काला वाटायचं, बरं, शिस्तीची आहे. मग पोर ह्या नाटकाच्या वर्गात गेली, आणि घरी काहीतरी विचित्र सुरू झालं. कॉरिडॉरमध्ये डोळे मिटून उभी राहायची. भिंतीशी पुटपुटायची. एकदा तर उल्का कपडे धुवायला बेसमेंटमध्ये गेली, तर ऊर्मी ड्रायरकडे तोंड करून ओठ हलवतेय.

"काय चाललंय गं?"

"लिसनिंग, आई."

"ड्रायरला?"

"टु एव्हरीथिंग. मिस्टर जे सेज द बिल्डिंग इज टॉकिंग."

झालं. उल्का तडक वर गेली. तिनं प्रतापला सांगितलं की पोरीवर त्या माणसानं काहीतरी केलंय. प्रतापनं लॅपटॉपवरची नजर न हलवता, ड्रामा क्लास आहे, ड्रामा करणारच, असं उत्तर दिलं. तेव्हापासून दर शनिवारी उल्का दाराच्या भोकाला डोळा लावून बसायची. तुम्ही कधी बघितलंय त्या भोकातून? त्यातून कोणीही चोरच दिसतो. माझा जावईसुद्धा दिसतो.

वर्गातल्या मुलांच्या नाटकाला दोन आठवडे राहिले होते. उल्का आणि ऊर्मी भाजी घेऊन येत होत्या, आणि टपालाच्या पेट्यांपाशी जार्विस उभा होता. त्यानं हॅट काढली. उल्काची पर्स काखेत गेली. तो जे बोलला ते इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगते.

"बाई, तुमच्या मुलीसारखा आवाज मला चाळीस वर्षांत दुसरा सापडला नाही."

आणि असं म्हणून थेट ऊर्मीकडे बघितलं त्यानं. लाकडाला हात लावला नाही, काही नाही. नुसतं कौतुक. भर दुपारी, तिन्ही बाजूंनी माणसं येत-जात असताना.

दोन दिवसांत ऊर्मीचा आवाज गेला. म्हणजे गेलाच. "आई" म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टर म्हणाले व्हायरस आहे, गरम पाणी पिऊ दे. पण नागपूरहून उल्काच्या आईनं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "कोणी कौतुक केलं होतं का गं पोरीचं?"

उल्काला आणखी काही ऐकायचंच नव्हतं.

शनिवारी सकाळी प्रताप ग्रोसरीला गेला. उल्कानं ऊर्मीला स्टुलावर पूर्वेकडे तोंड करून बसवलं. मीठ घेतलं, मोहरी घेतली आणि लाल मिरच्या घेतल्या. साध्यासुध्या मिरच्या नव्हत्या, भिवापूरच्या होत्या, सासरच्या मंडळींनी पाठवलेल्या. ती मिरची नुसती डब्यात असली तरी शेजारचा माणूस पाणी मागतो. मुठीत घेऊन तिनं पोरीवरून ओवाळल्या आणि तोंडानं म्हणत गेली: आल्याची, गेल्याची, दारावरून पाहिल्याची, शेजाऱ्याची, पाजाऱ्याची, ओळखीची, बिनओळखीची, ज्याची लागली असेल त्याची जळून जाऊ दे. ऊर्मी डोळे फिरवत होती, पण आवाज नसल्यामुळे "आई, प्लीज" म्हणता येत नव्हतं.

आपल्याकडे ह्यानंतर चुलीत टाकतात. उल्काकडे चूल कुठली? इलेक्ट्रिकची शेगडी. तिनं तवा तापवला आणि सगळं त्यावर टाकलं.

पुढचं ज्यानं त्यानं डोळ्यासमोर आणावं. धूर उठला तो काळा-लाल. उल्का खोकायला लागली, ऊर्मी खोकायला लागली, फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट खाली पडला. खिडक्यांवर थंडीसाठी प्लास्टिक चिकटवलेलं, बाल्कनीचं दार बर्फानं घट्ट बसलेलं, काहीच उघडेना. तेव्हा उल्कानं जी चूक केली ती कॅनडात राहणाऱ्या आपल्या बायकांनी आजवर कितीदा केली असेल! तिनं कॉरिडॉरचं दार उघडलं. धूर बाहेर गेला, कॉरिडॉरच्या छताला जाऊन भिडला, आणि बारा मजल्यांचा फायर अलार्म एकदम बोंबलायला लागला.

नेमक्या त्याच वेळी सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. आतून जार्विस उतरला. ऊर्मी वर्गाला आली नाही म्हणून तिच्या घशासाठी मधाची बाटली घेऊन आला होता. त्यानं एक श्वास घेतला आणि भिंत धरली. अशा ठसक्यातही त्यानं शेजारच्या फ्लॅटची दारं ठोठावली आणि सगळ्यांना जिन्यानं खाली पिटाळलं.

खाली बर्फात सगळी बिल्डिंग उभी. कोणी पायजम्यात, कोणी अंगाला टॉवेल गुंडाळून. तीन बंब आले. ऊर्मी पातळ स्वेटरमध्ये कुडकुडत होती, तर जार्विसनं आपला ओव्हरकोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. उल्कानं काय करावं? तिनं आधी कोटाचे खिसे बाहेरून चाचपून बघितले.

फायरवाले वर जाऊन आले. आग नाही, सातव्या मजल्यावर कसलातरी धूर झाला होता, आता विरलाय, म्हणाले. तोपर्यंत उल्काचा तवा सिंकमध्ये होता. मग शैलेंद्र पुढे झाला आणि मोठ्यानं विचारलं की सातव्या मजल्यावर बाहेरचं कोण होतं?

बोलायची गरजच नव्हती. माणसं नुसती वळली. सगळ्या माना एकाच दिशेला, जसं शेत वाऱ्यानं एका बाजूला वाकावं. जार्विसच्या हातात पाईप होती.

त्यानं पाईप पुढे केली, आतून स्वच्छ होती. मुलगी झाली तेव्हा तंबाखू सोडली, तेव्हापासून रिकामीच धरतो, म्हणाला. शैलेंद्र म्हणाला, "झटकली असेल."

ऊर्मीनं तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, पण आवाज फुटेना. तिनं आईकडे बघितलं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये खरं काय ते दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीला आवाज नव्हता.

दुसरी तिची टोपी नीट करायला लागली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कागद लागला. बाहेरच्या लोकांसाठी हॉल बंद, पुढचं काय ते बुधवारच्या मीटिंगमध्ये ठरेल. म्हणजे वर्ग गेला, नाटक गेलं, आणि जिथे म्हणून जार्विस शिकवायचा तिथे तिथे ही गोष्ट त्याच्या आधी पोचणार. उल्कानं प्रतापला खरं सांगितलं. प्रताप दोन मिनिटं हसला आणि मग एकदम गंभीर झाला. अजिबात बोलू नकोस, म्हणाला, लीज जाईल, फायरवाल्यांचा दंड बसेल, चार दिवसांत लोक विसरतात.

सोमवारी ऊर्मीचा आवाज परत आला. पण आईशी बोलायला तिनं तो वापरला नाही. उल्कानं खूप मनधरणी केली तेव्हा एकदाच बोलली.

"यू हॅव टु टेल देम, आई. इट्स युअर लाइन. मिस्टर जे सेज यू नेव्हर टेक समवन एल्सेस लाइन."

मंगळवारी फ्लोरिन आली. ही मूळची वसईची, चौथ्या मजल्यावर राहायची. हॉस्पिटलात नर्स होती, आता रिटायर. नवरा पायस जाऊन बरीच वर्षं झाली. ती आत आली, खुर्चीत बसली, आणि हवेत नाक वर करून एक लांब श्वास घेतला.

"काय गो बाय, कुणाची काढलीस?"

उल्का म्हणाली, "काय?"

"दृष्ट. मी चौथ्या माळ्यावर होते, मला खाली वास आला. माझे वाडवडील चर्चला गेले म्हणून मिरचीचा वास विसरले काय? माझी आजी क्रूस करायची आणि मग मिरच्या जाळायची. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवायची."

उल्का रडायलाच लागली. मग सगळं भडाभडा सांगितलं. तो माणूस तासन् तास उभा कसा राहतो, पोर भिंतीशी कशी बोलते, त्यानं कौतुक केलं आणि दोन दिवसांत आवाज कसा गेला. फ्लोरिननं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली की तो तिथे ऐकत उभा असतो. जन्मभर तेच करत आलाय.

मग तिनं उल्काला रूबेन जार्विस कोण ते सांगितलं. शहराबाहेर खडकाळ जमिनीवर काळ्या लोकांचं एक गाव आहे, तिथला तो. त्याचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी जहाजानं आले. चांगली जमीन देऊ म्हणून सांगितलं आणि खडक दिले. त्याची आई शनिवारच्या बाजारात ब्लूबेरी आणि पानाफुलांची तोरणं विकायची, आणि हा पोरगा टेबलाखाली बसून गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकायचा. घरी येऊन सगळ्यांचे आवाज काढून दाखवायचा. तीच त्याची पहिली नाटकं. तरुणपणी टोरांटोला गेला. तिथे भूमिका मिळायच्या, पण कसल्या? वेटर, हमाल, चोर, आणि इंटरव्हलच्या आधी मरणारा. कंटाळून परत आला आणि स्वतः लिहायला लागला. पहिलं नाटक चर्चच्या बेसमेंटमध्ये केलं, त्यात त्याच्या मावश्यांनी कामं केली, लोक घरून खुर्च्या घेऊन आले. त्याचा आवाज असा होता म्हणे, की त्यानं कविता म्हटली की बंदरातली फेरी मध्येच थांबायची आणि कॅप्टन म्हणायचा, संपू दे. पुढे मोठ्या थिएटरात त्याचं नाटक लागलं. तो बघायला गेला तर दारावरच्या माणसानं अडवलं, "सामान पोचवायचं दार मागे आहे." नाटकाच्या पाटीवर त्याचंच नाव होतं.

"मग?"

"मग काय, गेला मागच्या दारानं. म्हणाला, नाटकाला उशीर नको."

फ्लोरिननं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "पायसचे शेवटचे दिवस. इंग्रजी पार विसरला होता, नुसता मराठीत बोलायचा. केळीच्या बागा, पाण्यानं भरलेली बावखलं, त्याचा बैल. मी थकायचे गो ऐकून. हा जार्विस हॉस्पिटलात पेशंटांकडून कविता करून घ्यायला यायचा. तो पायसजवळ बसला. एक शब्द कळत नव्हता त्याला, पण दुपारभर ऐकत बसला. आणि पायसला पुरलं त्या दिवशी त्यानं पायसचं बोलणं पायसच्याच लयीत म्हणून दाखवलं. मराठीत. चुकीचं, वेडंवाकडं, पण मराठीत. माझ्या पोरांना जमलं नाही ते."

उल्का मान खाली घालून म्हणाली की चांगला असेल माणूस, पण दृष्ट काय मुद्दाम लावतात का? चांगल्या माणसाचीही लागते.

"बरं," फ्लोरिन म्हणाली. "तुझ्याच शास्त्रानं चल. दृष्ट लागलेली असली की मिरची जळताना काय होतं?"

"ठसका येत नाही."

"आणि नसली तर?"

उल्कानं सिंकमधल्या तव्याकडे बघितलं.

"अगो, बारा माळे खाली उतरले. तीन बंब आले. अजून कसला ठसका पाहिजे तुला? तुझ्या मिरच्यांनी शनिवारीच सांगितलं, ह्या माणसानं काही केलेलं नाही. सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं. तुला तेवढं ऐकू आलं नाही."

उल्कानं पदर डोळ्यांना लावला. पदर नव्हता, स्वेटशर्टची बाही होती, पण लावली. तरी फ्लोरिननं तिला सोडलं नाही.

"आणि एक सांगते, राग आला तरी चालेल. दोन स्थळांनी तुला सावळी म्हणून नाकारलं, ते तू मला ह्याच टेबलावर सांगितलंस. अजून त्या लोकांचं नाव निघालं की तुझा आवाज चढतो. ती माणसं वाईट, आणि लिफ्टमध्ये तू पर्स काखेत घेतेस ते काय गो?"

उल्कानं विचारलं, "तुला दिसतं ते?"

"मला दिसतं. त्यालाही दिसतं. दोनशे वर्षं झाली त्यांना इथे, आणि आपण आलो काल. आपण त्यांना बाहेरचा म्हणतो."

बुधवारी संध्याकाळी हॉल भरला. मागच्या रांगेत जार्विस बसला होता, हॅट गुडघ्यावर. शैलेंद्र बोलायला उभा राहिला. सुरक्षितता, नियम, मुलांची काळजी, सगळे गोड गोड शब्द. मग त्यानं जार्विसला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? जार्विस उभा राहिला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"मी हे केलेलं नाही. लहानपणापासून मी एकच भूमिका करत आलोय. काही बिघडलं की सगळे ज्याच्याकडे वळून बघतात, तो माणूस. ती मला पाठ आहे. पण ह्या वेळी मुलांनी ती बघितली, त्याचं वाईट वाटतं."

एवढं बोलून तो बसला. शैलेंद्र म्हणाला की मग हात वर करून मतं घेऊ.

तेव्हा उल्का उठली. प्रतापनं तिची बाही धरली, तिनं सोडवली. हातात कापडी पिशवी होती. पुढे जाऊन तिनं त्या पिशवीतून तवा काढला आणि शैलेंद्रच्या कागदांवर ठेवला. तव्याला जळलेल्या मिरच्या अजून चिकटलेल्या होत्या. पहिल्या रांगेतले दोघं शिंकले.

"धूर माझा होता," ती म्हणाली.

आणि मग तिनं त्या हॉलभर लोकांना दृष्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिच्या नागपुरी इंग्रजीत, हातवारे करून, मीठ कसं ओवाळायचं इथपर्यंत. कोणी हसलं, कोणी मान डोलावली. तिसऱ्या मजल्यावरची लेबनीज बाई तर मध्येच म्हणाली की आम्ही निळा मणी बांधतो, धूर होत नाही. पण उल्का तिथे थांबली नाही, आणि म्हणून मी तिला मानते. ती जार्विसकडे वळली.

"तुम्ही माझ्या मुलीचं कौतुक केलंत आणि मी घाबरले. दुसऱ्या कोणी केलं असतं तर घाबरले नसते. शनिवारी सगळे तुमच्याकडे वळले तेव्हा मला बरं वाटलं, कारण माझ्याकडे कोणी बघितलं नाही. ती चूक मिरच्यांपेक्षा मोठी आहे."

शैलेंद्रनं डोक्यावरची कानटोपी काढली. सगळ्यांसमोर जार्विसपाशी गेला, आणि म्हणाला, "मी न विचारता ठरवलं. माझं चुकलं." त्याचं टक्कल त्या दिवशी बिल्डिंगनं पहिल्यांदा बघितलं.

जार्विसनं गुडघ्यावरची हॅट बाजूला ठेवली.

"हे शनिवारी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो."

"बर्फात."

"हो."

मग त्यानं रिकामी पाईप तोंडात धरली, काढली, आणि विचारलं, "ते करताना तुम्ही काही म्हणता. आत्ता तुम्ही ते अर्धंच सांगितलंत. पूर्ण म्हणाल?"

उल्कानं म्हटलं. आल्याची, गेल्याची, दारावरून पाहिल्याची. जार्विसनं डोळे मिटले आणि बोटानं मांडीवर ताल धरला. ती थांबली तर म्हणाला की पुन्हा. तिसऱ्यांदा मुलं तिच्याबरोबर म्हणायला लागली आणि सगळ्यांत मोठा आवाज ऊर्मीचा होता.

नाटक ठरल्या दिवशी झालं. बिल्डिंगच्या बोलण्याचं नाटक होतं ते. लिफ्टमध्ये लोक काय बोलतात, भिंतीपलीकडून काय ऐकू येतं, ड्रायर कसा कुरकुरतो. ऊर्मीचा आवाज ऐकून प्रतापनं लॅपटॉप बंद केला, हो, तो तिथेही घेऊन आला होता. शेवटी सगळी मुलं रांगेत उभी राहिली आणि उल्का मुठीत मीठ घेऊन आली. नुसतं मीठ. मिरचीला कमिटीनं बंदी घातली होती. लोकांना वाटलं ती मुलीची दृष्ट काढणार. ती मुलांच्या पुढून गेली आणि मागे भिंतीशी उभ्या असलेल्या जार्विसपाशी थांबली. तो उंच, ही बुटकी. त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्यावरून मूठ ओवाळली. आल्याची, गेल्याची, दारावर अडवल्याची, वळून पाहिल्याची, माझी स्वतःची. ज्याच्यावर आयुष्यभर लोकांनी डोळे रोखले, त्याची दृष्ट आजवर कोणी काढलीच नव्हती.

तो म्हातारा लहान मुलासारखा पूर्वेकडे तोंड करून बसला होता.

तर मंडळी, सांगायचं ते एवढंच. संशय हा धुरासारखा असतो. आपल्या घरात पेटवायचा, दार उघडून बाहेर सोडायचा, आणि मग कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं की आग तू लावलीस का! आपण परदेशात आलो तेव्हा कोणीतरी आपल्या नावाला, आपल्या वासाला, आपल्या उच्चाराला नाक मुरडलंच ना? मग त्याच नाकानं आपण दुसऱ्याला कसं मुरडायचं? लिफ्टमध्ये कोणी शिरलं की आधी आपल्या हाताकडे बघा. तो हलत असेल तर त्याला दुसरं काहीतरी शिकवा. नमस्कार करायला शिकवा.

आता लोणच्याची बरणी समोर आहे, आणि आंबे ह्या वर्षी महाग होते, म्हणून एक कबूल करून टाकते. एक गोष्ट मी पदरची घातली. बंब एकच आला होता, असं प्रताप म्हणतो, पण तो ग्रोसरीला गेला होता, त्याचं काय ऐकायचं. ते नव्हे.

शैलेंद्रनं कानटोपी काढली नव्हती. माफीही मागितली नव्हती. तो तव्याखालचे कागद गोळा करून निघून गेला, आणि आजतागायत त्या बिल्डिंगमध्ये त्या गोष्टीवर तो एक शब्द बोललेला नाही. ते तेवढं मी बनवलं. बाकी सगळं घडलंय, ते मात्र अजून घडायचं आहे. तुमच्यापैकी कोणी शैलेंद्र असेल, तर बाबा, टोपी काढ आणि माझी बरणी वाचव.